सुईचें लिखाण आणि मनुष्याचा शब्द

इंग्रजी भाषेंत ‘ग्राफ’ या पदानें संपणारे शब्द पुष्कळ आहेत. टेलिग्राफ म्हणजे दुरून लिहिणारा, फोनोग्राफ म्हणजे ध्वनि लिहिणारा, आणि ऑटोग्राफ म्हणजे स्वहस्तें लिहिलेलें. हे सारे ज्या ग्रीक धातूपासून सिद्ध झाले, त्याचा मूळ अर्थ ओरखडणें, कोरणें असा आहे. संस्कृतांतील ‘लिख्’ धातूचा मूळ अर्थही तोच. ओरखडा म्हटला कीं तो कोणीं काढला आणि त्याबद्दल जबाबदार कोण, हे प्रश्न ओघानेंच येतात. कर्जरोख्यावर सही करणाऱ्याला तिचें उत्तर द्यावें लागतें. ऑटोग्राफ या शब्दाचें नैतिक वजन आहे तें एवढ्याचमुळें.

एकोणिसाव्या शतकांत लिहिणाराच बदलला. १८७७ सालीं एडिसनच्या फोनोग्राफांत कथलाच्या वर्खावर सुईनें मनुष्याचा आवाज कोरला. हृदयाची धडधड व भूमीचा कंपही कागदावर उमटूं लागला. यंत्राला रागलोभ नसतो, म्हणून त्याची साक्ष शास्त्रास अमोल वाटते, व तें योग्यच आहे. परंतु यंत्र निःपक्षपाती असलें म्हणून त्याच्या रेषेचा आपण लावलेला अर्थही निर्दोष असतो, असें मात्र नाहीं.

या बाबतींत पॉलिग्राफ या शब्दाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १८०३ मध्यें हॉकिन्सनें या नांवाच्या यंत्राचें पेटंट घेतलें. त्यांत दोन लेखण्या एकमेकींस जोडलेल्या असत; एकीनें लिहिलें कीं दुसरीनें तिची नक्कल उतरावी. अमेरिकेचे अध्यक्ष जेफरसन आपल्या पत्रांच्या प्रती अशाच ठेवीत. १९२१ मध्यें कॅलिफोर्नियांतील बर्कली येथें जॉन लार्सन यानें संशयिताचा रक्तदाब व श्वास एकाच वेळीं नोंदणारें यंत्र सिद्ध केलें. त्यालाही पुढें हेंच नांव मिळालें. पहिलें यंत्र मनुष्यानें स्वेच्छेनें लिहिलेल्याची प्रत काढी. दुसरें, त्याला जें लिहावयाचें नाहीं तें त्याच्या देहाकडून लिहवून घेऊं पाहतें.

आणि तो देह तरी काय लिहितो? श्वास चढला, नाडी जलद झाली, इतकेंच. ती भयानें झाली, लज्जेनें झाली कीं अपराधाच्या जाणिवेनें, हें सुई लिहीत नाहीं. ‘खोटें’ हा शब्द वाचणारा आपल्या पदरचा घालतो. निरपराधी मनुष्य थरथरतो आणि मुरलेला लबाड शांत बसतो, हा अनुभव कोणास नाहीं?

कोणी म्हणेल, अनेकांचे प्राण वाचत असतील तर एका संशयिताच्या संमतीचें एवढें स्तोम कशाला? या आक्षेपांत कळकळ आहे हें आम्ही नाकारीत नाहीं. तथापि सत्य बोलणें ही इच्छेची कृति आहे. ती इच्छा वगळली कीं साक्षीदार उरत नाहीं. उरतो तो सुईखालचा वर्ख. संमतीवांचून अशी चांचणी कोणावरही लादतां येणार नाहीं, असा निर्णय भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें २०१० मध्यें दिला, तो आम्हांस म्हणूनच मोलाचा वाटतो.

पण न्यायालयाकडे बोट दाखवून आपण मोकळे होत नाहीं. घरांत एखादी वस्तु हरवते, पोराचा चेहरा उतरतो, आणि तेवढ्यावरून आपण त्याला चोर ठरवितों. त्या वेळीं त्याच्या चेहऱ्यावरील रेषा वाचण्यापूर्वीं त्याला काय सांगावयाचें आहे तें ऐकून घ्यावें, एवढें तरी आपल्या हातीं आहे.