वापसा बघितला कोणी?

उभे राहा तिघेही. परवा रात्री पाऊस झाला आणि काल दुपारी तुम्ही काळ्या रानात रोटाव्हेटर घातलात. का? तर सोयाबीन निघालंय, हरभऱ्याला उशीर होतोय, ट्रॅक्टर रिकामा होता. ट्रॅक्टर रिकामा होता, हे मशागतीचं कारण झालं?

वर जर्नलमध्ये दिमाखात लिहिलंत: स्थूल घनता घन सेंटिमीटरला 1.15 ग्रॅम, जमीन भुसभुशीत झाली. नमुना कुठला? वरच्या 10 सेंटिमीटरचा, तोही पाती फिरल्यावर तासाभरात. मग घनता कमी दिसणारच! त्याखाली कोणी नळी ठोकली? मी ठोकली. 12 ते 20 सेंटिमीटरच्या थरात 1.5 भरली. शेजारच्या न नांगरलेल्या पट्ट्यात त्याच खोलीवर 1.25 आहे. आता करा गणित, कणांची घनता 2.65 धरून. पोकळी 53 टक्क्यांवरून 43 वर आली. गेली ती कोणती छिद्रं? मोठी. बारीक छिद्रं पाणी धरून बसतात. निचरा होतो तो मोठ्यांतून, मुळांना हवा मिळते तीही मोठ्यांतूनच.

ओल्या चिकणमातीत पाती ढेकूळ फोडत नाहीत, तळ चोपून गुळगुळीत करतात. त्यात वरून चाकांचा भार. वरच्या थराचे रवे तुम्ही चुरलेत ते वेगळंच. पुढच्या सरीत त्यांचं पीठ होऊन खपली धरेल. मग उगवण विरळ झाली की बियाण्याला नावं ठेवायला मोकळे.

मागून कोण पुटपुटलं, 'सर, काळी जमीन भेगाळते, थर आपोआप फुटेल'? खरं आहे. मॉन्टमोरिलोनाइट वाळताना आकसतं, भेगा पडतात. पण त्या रुंदावणार उन्हाळ्यात. मीटरभर खोल जाऊ शकणारं हरभऱ्याचं सोटमूळ तोवर वाट बघत बसणार आहे का? ते 12 सेंटिमीटरवर आडवं वळेल.

आणि सबसॉयलर आणू, असं तर बोलूच नका. ओल्या रानात तो नुसती चीर पाडतो. थर तडकायला जमीन कोरडी लागते.

यापुढे औत जोडण्याआधी नांगरायच्या खोलीवरची मूठभर माती घ्यायची, गोळा वळायचा, कंबरेच्या उंचीवरून सोडायचा. फुटला तर वापसा. चपटा होऊन पडला, तर घरी जायचं. तुमचे आजोबा हे पायाखालच्या मातीवरून ओळखायचे, तुम्हाला पदविकेला येऊनही जमेना!

जर्नलचं पान फाडायचं नाही. 1.15 च्या खाली 1.5 लिहा, खोलीसकट. ट्रॅक्टरची किल्ली टेबलावर ठेवा.