टाकलेल्या वस्तूचा धनी

दान करणे आणि टाकून देणे या दोन्ही क्रियांत वस्तू आपल्या हातून सुटते. तरी पहिलीला आपण पुण्य म्हणतो आणि दुसरीला काहीच म्हणत नाही. आपल्या धर्मशास्त्रकारांनी दानाचे लक्षण मोठ्या काटेकोरपणे बांधले आहे. वस्तूवरचे आपले स्वत्व निवृत्त व्हावे आणि तिच्यावर दुसऱ्याचे स्वत्व उत्पन्न व्हावे, या दोन गोष्टी घडल्या म्हणजेच दान पुरे होते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे १२२ वे कलमही हेच सांगते की, घेणाऱ्याने स्वीकार केल्यावाचून दान सिद्ध होत नाही. मग घरातला केर दाराबाहेर टाकताना आपण जे करतो त्याला काय म्हणावे? आपले स्वत्व तर आपण सोडले. परंतु ते स्वीकारले कोणी?

हा प्रश्न आम्हांला भेटला तो आमच्या कुलदेवीच्या देवळात. घरातील देवीच्या एका जुन्या तसबिरीची काच तडकली होती. भंगलेली तसबीर देव्हाऱ्यात ठेवू नये, असे वडीलधाऱ्यांचे म्हणणे. आणि ती केराच्या डब्यात टाकण्यास कोणाचेच मन धजेना. तेव्हा अनेक घरे जे करतात तेच आम्ही केले. देवळात जाताना ती तसबीर बरोबर नेली, तळीकाठच्या पिंपळाच्या पारावर ठेवली, हात जोडले आणि मोकळ्या मनाने दर्शनास गेलो. पुढच्या खेपेस गेलो तेव्हा अंगण झाडणाऱ्या वृद्ध बाईच्या हाताला चिंधी बांधलेली दिसली. विचारपूस केली. वाऱ्याने पारावरून पडून फुटलेली एक तसबीर उचलताना काच तिच्या तळव्यात शिरली होती. "देवाची तसबीर ती, वकीलबाब, कोणाच्या पांयाक लागपाक फावना म्हूण उखल्ली," असे ती सहजपणे म्हणाली. ती तसबीर कोणाची, हे तिला ठाऊक नव्हते. आम्हांला ठाऊक होते. आणि ते सांगण्याचे धैर्य त्या दिवशी आम्हांला झाले नाही.

घरी परतताना आम्ही मनाशी आमचेच वकीलपत्र घेतले. पहिला बचाव असा की, सगळेच असे करतात. हा बचाव कोणत्याही न्यायासनापुढे टिकत नाही. दुसरा असा की, त्या बाईला झाडण्याचे वेतन मिळते. मिळते खरे, परंतु ते झाडण्याचे मिळते, तळवा कापून घेण्याचे मिळत नाही. तिसरा बचाव आमच्या व्यवसायाला शोभणारा होता: आम्ही त्या वस्तूवरील हक्क सोडला होता, तेव्हा तिने पुढे काय केले याचे उत्तरदायित्व आमच्याकडे कसे? पण हक्क सोडल्याने कर्तव्य सुटते, असे कायदा मानीत नाही. १८६८ साली रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात इंग्लंडच्या उमराव सभेने निर्णय दिला की, सुटली तर अपाय करील अशी वस्तू जो आपल्या जागेत आणून साठवतो, तो ती सुटल्यावर होणाऱ्या हानीस बांधलेला असतो. तेथे तर तलावाचे पाणी मालकाच्या इच्छेविरुद्ध शेजाऱ्याच्या खाणीत शिरले होते. आम्ही काच स्वहस्ते नेऊन ठेवली होती.

आपल्या परंपरेला हा विचार परका नाही. निर्माल्य पायदळी येऊ देऊ नये, ते वाहत्या पाण्यात सोडावे किंवा झाडाच्या मुळाशी ठेवावे, असा दंडक आपल्याकडे चालत आला. देवाच्या मस्तकावरून उतरलेल्या फुलाचा शेवट कोठे व्हावा, याची काळजी त्यात आहे. त्या काळचे निर्माल्य म्हणजे फुले, दूर्वा, बेल, तुळस आणि माळ ओवण्याचा केळीच्या सोपाचा दोर. सारे मातीतून आलेले आणि काही महिन्यांत मातीत मिसळणारे. समाराधनेचे जेवणही केळीच्या पानावर. ते पान गाईपुढे गेले की, पंगतीची खूणसुद्धा उरत नसे. आज माळेत नायलॉनचा दोरा असतो, हारात चकचकीत कागदी जर असते आणि हे सारे प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीसकट, तळीत सोडले जाते. तळीचे पाणी वाहते नसते. त्यात फुले कुजू लागली म्हणजे पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो आणि मासे गुदमरतात. आपण दंडकाचे शब्द पाळले आणि त्याचा हेतू बुडवला.

हा हेतू पाळणे फारसे कठीण नाही. माळेतील दोरा आणि जर काढून फुले मोकळी करावीत. सच्छिद्र मातीच्या कुंडीत किंवा परसातील खड्ड्यात त्यांचा थर द्यावा आणि प्रत्येक ओल्या थरावर साधारण दुप्पट वाळका पाचोळा पसरावा. आठवड्यातून एकदा वरखाली करावे व पावसात झाकून ठेवावे. दुर्गंधी आली तर हवा कमी पडते असे समजावे आणि आणखी पाचोळा घालावा. दोन-तीन महिन्यांत काळसर, मातीचा वास असलेले खत तयार होते. ते तुळशीला घातले म्हणजे देवाचे फूल पुन्हा देवाकडे जाते. स्वयंपाकघरातील साली आणि देठ यांनाही हीच वाट खुली आहे. मात्र पाचोळ्याबरोबर प्लास्टिक जाळण्याची जी सवय आपल्या वाड्यांवर रुळली आहे, ती सोडलीच पाहिजे. त्या धुरातून विषारी द्रव्ये शेजारच्या मुलाच्या छातीत जातात.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरा निर्माण करणाऱ्यावरच तो वेगळा करण्याचे कर्तव्य घातले: कुजणारा, न कुजणारा आणि घरगुती घातक असे तीन भाग. तो रस्त्यावर, गटारात वा पाण्यात टाकण्यास आणि उघड्यावर जाळण्यास मनाई केली. यंत्रे आली आहेत, ही समाधानाची गोष्ट. आपल्या गोव्यात साळगावचा प्रकल्प २०१६ साली सुरू झाला. इंदूरमध्ये, जेथे आपले अनेक मराठी बांधव पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत, दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वायू निर्माण करू शकणाऱ्या प्रकल्पाचे उद्घाटन २०२२ साली झाले. परंतु त्या यंत्राला लागणारा ओला कचरा निवडला जातो तो गृहस्थाच्या स्वयंपाकघरात. तेथे हात आळसावला, तर पुढे दुसऱ्या कोणाला तरी उघड्या हातांनी तो चिवडावा लागतो.

आणि येथेच आमच्या मते खरा नैतिक प्रश्न आहे. जो केर करतो तो सोवळा आणि जो केर उचलतो तो ओवळा, हा विपरीत न्याय आपण पिढ्यान्‌पिढ्या चालविला. घर निर्मळ ठेवल्याचे श्रेय आपण घेतले आणि त्या घरातील मळ ज्यांच्या हाताला लागला त्यांना अंगणाबाहेर उभे केले. शौचाला आपण मोठा धर्म मानतो. पण आपला मळ दुसऱ्याच्या हाती जखम होऊन पोचत असेल, तर ते शौच अर्धेच राहिले. वस्तू टाकण्यापूर्वी एकच प्रश्न स्वतःला विचारावा: ही ज्याच्या हाती पडेल त्याच्या हाती आपण ती समोरासमोर देऊ शकू काय? फुटकी काच आपण कोणाच्या ओंजळीत उघडी ठेवणार नाही. चार पदरी वर्तमानपत्रात गुंडाळू, वर 'काच' असे लिहू, सुक्या कचऱ्यापासून निराळी देऊ आणि तोंडाने सांगूही. संपलेली औषधे, विजेऱ्या, वापरलेली ब्लेड व सुया यांनाही हीच कसोटी लावावी. तसबिरीपुरते बोलायचे तर काच बदलून घेणे हा सर्वांत सरळ मार्ग होता. थोडक्या खर्चात देवी देव्हाऱ्यातच राहिली असती.

काही दिवसांनी आम्ही त्या बाईला खरे काय ते सांगितले. तिने झाडू भिंतीला टेकवला, आमच्याकडे क्षणभर पाहिले आणि म्हणाली, "फुडले फावट काच काडून हाडात, बाब. देवीक हांव सांबाळटां." टाकलेल्या वस्तूला स्वीकारणारे कोणी नसते, असे आम्ही समजत होतो. स्वीकारणारी तेथे रोज उभी होती. देण्याची रीत मात्र आम्हांला शिकायची होती.