‘माणसे’ म्हणजे कोण?



मिस्सेतील विश्वासांगीकारात ख्रिस्त ‘होमिनेस’साठी स्वर्गातून उतरला असे मूळ लॅटिन म्हणते. होमिनेस म्हणजे माणसे. पुरुषासाठी ‘विर’ हा वेगळा शब्द आहे. इंग्रजीत मात्र ‘मेन’ छापले आहे, आणि त्यावरून तिकडे बरीच वर्षे वाद आहे. आपल्या ‘माणसां’त बायामाणसे आहेतच, म्हणून आपल्याला तो वाद परका वाटतो, थोडा हास्यास्पदही. पण पवित्र गुरुवारी पाय धुण्याच्या विधीत लॅटिन ग्रंथात ‘विर’च होता. जानेवारी २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या इच्छेने तो निघाला, ‘देवाच्या प्रजेतून निवडलेले’ असे शब्द आले, तेव्हा कुठे नियमाने आयाबहिणींना तेथे जागा मिळाली. येत्या पवित्र गुरुवारची यादी करू तेव्हा त्यात आजारी आजीबाईही असू द्या.