कळलावीपाशी थोडं थांबून

श्रावणातल्या उघडिपीत आंबेगावच्या पश्चिमेला, आहुप्याच्या बाजूला कुठेतरी बांधाला टेकून बसा. घाई नको. जाळीवर चढलेली कळलावी दिसेल. तिचं फूल सगळेच बघतात. तुम्ही पान बघा. त्याचं टोक लांबत, वळत जातं आणि मिळेल त्या फांदीला धरतं. नजर तिथे ठेवा, हात मात्र लावू नका. कंद आणि बी, दोन्हींत कोल्चिसिन असतं, आणि ते जिवावर बेतू शकतं.

आता डोळे मिटून त्या टोकाच्या आत चला. तिथल्या पेशींत पोकळ सूक्ष्मनलिका आहेत, जेमतेम 25 नॅनोमीटर जाडीच्या. ट्युब्युलिन प्रथिनाचे कण जुळत जातात, नळी वाढते, मधेच ढासळते, पुन्हा उभी राहते. नारायणगावकडे टोमॅटोचा मांडव उतरवून तेच बांबू दुसऱ्या रानात रोवतात, तसंच. फक्त इथे सगळं काही मिनिटांत. तुमच्याही अंगात आत्ता हेच चाललंय. पेशी दुभंगताना याच नळ्या गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढतात.

कोल्चिसिन ट्युब्युलिनला चिकटतं, नळी उभीच राहत नाही, आणि पेशी अर्ध्यावर अडकते. कर्करोगासाठी ते फार विषारी ठरलं. पण अंगणातल्या सदाफुलीतलं व्हिन्क्रिस्टिन याच नळ्यांवर काम करतं आणि रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना आजही देतात. त्यांची बोटं कधीकधी बधिर होतात, कारण मज्जातंतूंतली ने-आणही याच नळ्यांवरून होते. इथे जरा रेंगाळा.

मग खाली, जुन्नरच्या द्राक्षबागेत या. करप्यावर मारतात ते कार्बेन्डाझिम बुरशीचं ट्युब्युलिन पकडतं. शाळेतली जंताची गोळी, अल्बेंडाझोल, जंताचं. पवईच्या आयआयटीतल्या दुलाल पांडा यांनी सहकाऱ्यांसह 2004 मध्ये दाखवलं, की कार्बेन्डाझिमचं भावंड बेनोमिल प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशींनाही दुभंगू देत नाही.

‘आता हे औषध लागू पडत नाही,’ बागायतदार कार्बेन्डाझिमबद्दल म्हणतो. हे वाक्य मनात धरा. ट्युब्युलिनच्या साखळीतलं 198वं अमिनो आम्ल बदललेली बुरशी पहिल्या फवारणीआधीही असू शकते, चिमूटभर. फवारणीनं बाकीची मेली आणि हिला रान मोकळं झालं. बुरशीला औषधाची सवय झाली, असं आपण म्हणतो. मला तर हे निवडून वाढवणं जास्त अस्वस्थ करतं.

हीच निवड माणसाच्या शरीरातही चालते. कर्करोगाच्या काही पेशी आत शिरलेलं औषध उपसून बाहेर टाकतात. एचआयव्ही स्वतःची नक्कल करताना इतक्या चुका करतो, की एखाद्या औषधाला दाद न देणारा विषाणू बहुधा आधीच तयार असतो. तीन वेगवेगळ्या औषधांना पुरून उरणारा एकच विषाणू मात्र विरळा, म्हणून सहसा तीन औषधं एकदम देतात. डोस वारंवार बुडाले की रक्तातलं औषध उतरतं, पण पुरतं संपत नाही. त्या अर्धवट वेळात कोण मरतो आणि कोण वाढतो, एवढ्यावर मन राहू द्या.