दामाजीची पावती

पोलादपूर तालुक्यातील एका गावी हरिनाम सप्ताहात आमची कीर्तनसेवा होती. निरूपणाच्या ओघात दामाजीपंतांची कथा सांगितली. मंगळवेढ्यास दुष्काळ पडला, पंतांनी बादशाही कोठारे भुकेल्यांसाठी उघडली, आणि बादशहाचा कोप झाला. तेव्हा पंढरीनाथ विठू महार होऊन बेदरच्या दरबारी गेले व धान्याचे मोल भरून पावती घेऊन आले. महिपतीबुवांनी इ. स. १७६२ त रचिलेल्या भक्तिविजयातील ही कथा वारकऱ्यांस नवी नव्हे. ऐकणारांचे डोळे पाणावले.

आरतीनंतर मुंबईहून आलेला एक तरुण पाया पडून म्हणाला, "बुवा, देव खरंच महार झाला होता का हो?"

आम्ही म्हटले, "बाळ, आमची तशी श्रद्धा आहे. पण पाठशाळेत मीमांसा शिकताना गुरुजींनी अर्थवाद समजावला, तो ऐक. वेदात आज्ञा आहेत तशा कथाही आहेत. कथेचे तात्पर्य ती ज्या आज्ञेची थोरवी गाते त्या आज्ञेत असते. आज्ञा सुटली की कथा पांगळी. मग या कथेची आज्ञा कोणती? भुकेल्यापुढे कोठाराला कुलूप नसावे, आणि देवाने जे रूप घेतले त्याचा विटाळ मानू नये."

"मग महाडला काय झालं?" तो म्हणाला.

सज्जनहो, आम्ही गप्प झालो. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करावेत असा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केले. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सहकाऱ्यांसह तेथले पाणी ओंजळीने घेतले, तेव्हा परतणाऱ्या लोकांवर हल्ला झाला, आणि मागाहून तळे पंचगव्याने 'शुद्ध' केले गेले. तेथील हक्क हायकोर्टात कायम व्हायला १९३७ साल उजाडले. दामाजीची कथा तेव्हाही गावोगाव होतच होती की! कथेतल्या विठूसाठी आम्ही रडलो, आणि तळ्यावर आलेल्या विठूला आम्हीच अडविले.

चमत्कार मानणे सोपे आहे हो. बेदर दूर, बादशहा गेलेला, देवाला पाणी पाजायचे नाही की पंगतीत शेजारी बसवायचे नाही. आज्ञा तेवढी जड जाते.

तो मुलगा निघताना म्हणाला, "बुवा, हे मघाशी कीर्तनात का नाही सांगितलंत?"

खरे ते लिहितो. गावची मंडळी दुखावतील, पुढील वर्षी बोलावणे येणार नाही, ही भीती होती. बादशहाचा हुकूम येईल हे जाणूनही पंतांनी कोठार उघडले. देव येणार हे त्यांस कोठे ठाऊक होते? आणि आम्ही त्यांची कथा सांगणारे, बिदागीला भ्यालो.

यापुढे जेथे दामाजी सांगू, तेथे चवदार तळेही सांगू. बोलावणे येवो न येवो.

रामकृष्णहरी.