कॅथलिक मुलांनी उठा

माझा एक शाळासोबती आमच्याच जुन्या शाळेत शिकवतो. वसईतली मिशनची मराठी प्राथमिक शाळा. चौथीला गणित, परिसर अभ्यास आणि आठवड्यातून दोनदा कॅथलिक मुलांना धर्मशिक्षण. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. एका हिंदू मुलीच्या आईने लिहून दिलं होतं, की हिला मैत्रिणीबरोबर धर्मशिक्षणाला बसू द्या. मुख्याध्यापिकांनी चिठ्ठी परत पाठवली. उद्या कोणी म्हणालं, मुलं बाटवता, तर?

मी त्याला राज्यघटनेचं कलम २८ सांगितलं. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धर्मशिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत देता येतं, पण संमतीशिवाय कोणाला बसवता येत नाही. मूल अज्ञान असेल तर संमती पालकाची. आईची चिठ्ठी आहे, म्हणजे अट पूर्ण. आमच्या धंद्यात अट पूर्ण झाली की पुढच्या ओळीवर जातात.

"कायदा नाही विचारत," तो म्हणाला. "तुला काय वाटतं?"

आमच्या वेळी वाटणी आडनावावर व्हायची. "कॅथलिक मुलांनी उठा," की परेरा, डिसोझा शेजारच्या खोलीत. पाटील, म्हात्रे बसून राहायचे, त्यांना नीतिशिक्षण. आमच्या घरी कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर आईने मला जाऊ दिलं नसतं, हेही खरं.

चौथीत आम्ही दोघांनी कपाटातली रंगीत खडूंची पेटी पळवली. मार बसला फळा पुसणाऱ्या मुलाला. तो पाड्यावरून चालत यायचा आणि कपाट त्यानेच उघडलं असणार, हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. आम्ही गप्प बसलो. पुढच्या जूनमध्ये तो शाळेत नव्हता. त्याचा खडूंशी संबंध असेलच असं नाही.

त्याच वर्षी माझ्या मित्राचं पहिलं कम्युनियन होतं, म्हणजे त्याआधी पहिलं कन्फेशन. त्याने फादरांना खडूंचं सांगितलं. फादर ते कोणालाही सांगू शकत नाहीत. तो बाहेर आला तो अगदी हलका होऊन. मला त्याचा हेवा वाटला. मी नीतिशिक्षणाच्या पेपरात प्रामाणिकपणावर दहा ओळी लिहिल्या आणि पैकीच्या पैकी मिळवले. लिहिताना तो मुलगा माझ्या दोन बाक पुढे बसला होता.

आमच्या नीतिशिक्षणाच्या पुस्तकात खरं बोलणाऱ्याला बक्षीस मिळायचं. खोटं बोलून झाल्यावर काय करायचं, हे त्यात नव्हतं. मित्राच्या खोलीत ते होतं. कॅथलिक शिकवणीत पापमोचनाने विषय संपत नाही. चोरलेलं परत करावं, ज्याचं नाव खराब केलं त्याचं नाव शक्य तेवढं भरून द्यावं, असंही त्यात आहे. आठव्या-नवव्या वर्षी हा भाग त्याच्या कानावरून गेला असावा. आता तो स्वतः शिकवतो. पण ज्याचं आम्ही देणं लागत होतो तो त्या खोलीत नव्हता. तो माझ्या खोलीत होता, आणि तिथे देण्याची गोष्टच निघाली नाही.

म्हणून मी म्हणालो, बसू दे तिला.

"आणि सगळ्या पोरी पांढरा फ्रॉक घालून कम्युनियनला उभ्या राहतील तेव्हा?" तो म्हणाला. "तेव्हा तिला मी नाही म्हणायचं."

यावर मी बराच वेळ अडलो. कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये धर्माचं शिक्षण आणि धर्मांविषयीचं शिक्षण यांत फरक केला होता. कागदावर तो स्वच्छ आहे. नऊ वर्षांच्या मुलीला, जिची मैत्रीण रांगेत उभी आहे, तो कसा समजवायचा? तिने विश्वास ठेवावा असं तो शिकवणार नाही, पण त्याचा स्वतःचा आहे आणि मुलांना ते दिसतं. तरीही मला वाटतं, तिला बसू द्यावं, आणि फ्रॉकचं तिच्या आईला पहिल्याच दिवशी सांगावं. नाही ऐकून ती रडेल. शेजारच्या खोलीत काय चालतं हे कधीच न कळण्यापेक्षा मला ते कमी वाईट वाटतं. त्याला अजून पटलेलं नाही.

फोन ठेवताना त्याने विचारलं, "तू त्याला कधी सांगितलंस?"

"नाही. तू?"

"फादरांनाच."

नाव दोघांनाही आठवत होतं, आडनावासकट. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये पत्ता असेल, तो म्हणाला, सोमवारी ऑफिसातून काढतो.