थोडा घोळ असू द्या

बसल्या जागी बसून राहा. डोळे मिटायचे असतील तर मिटा, नाही मिटले तरी बिघडत नाही. श्वासाकडे लक्ष द्यायला पुष्कळ लोक सांगतात. आज ते राहू द्या. आज अंगावरच्या कपड्यांकडे लक्ष द्यायचं आहे. हे मनन मुख्यतः पुरुषांसाठी आहे. बायका वाचतील तर त्यांना यातलं निम्मं आधीच ठाऊक असेल, त्यांनी हसून सोडून द्यावं.

कमरेपासून सुरू करू. पट्टा कुठे रुततो आहे ते बघा. पोटभर जेवण झालेलं असलं तर एक भोक सैल करावंसं वाटतं; चारचौघांत ते बरं दिसत नाही, म्हणून आपण श्वासच थोडा वर ठेवतो. रात्री पँट उतरवली की बेंबीखाली बकलाचा लालसर ठसा उमटलेला असतो. तो आपण रोज बघतो आणि पुसल्यासारखा हात फिरवून विसरतो.

थोडं खाली या. शिंपी ज्याला आसन म्हणतो ती जागा, जिथे चार शिवणी एकत्र येतात. मे महिन्यात जळगाव, अकोला, चंद्रपूर इथे पारा पंचेचाळिशीच्या आसपास पोचतो. त्या उन्हात जाड जीन्स घालून, तापलेल्या सीटवर बसून माणूस स्कूटरने कामाला जातो. जांघेत आधी घाम, मग घामोळं, मग नायटा. त्वचेचे डॉक्टर दर वेळी तेच सांगतात: सैल वापरा, सुती वापरा. मलमाची ट्यूब संपते, जीन्स तीच राहते.

शरीराने ही जागा गार ठेवायची सोय मुळात करून ठेवलेली आहे. वृषणं पोटाच्या बाहेर आहेत ती त्यासाठीच. त्यांना शरीरापेक्षा दोनेक अंश कमी तापमान लागतं. हार्वर्डच्या संशोधकांनी 2018 साली 656 पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सैल चड्डी वापरणाऱ्यांच्या वीर्यात शुक्राणूंचं प्रमाण तंग चड्डी वापरणाऱ्यांपेक्षा 25 टक्के जास्त आढळलं. अभ्यास आतल्या कपड्याचा होता, पँटचा नव्हता, तेव्हा त्यावर फार मजले चढवू नयेत. पण शरीर काय मागतं आहे, एवढं त्यातून कळतं.

आता पावलं. ऑफिसचे बूट घातले असतील तर आतल्या आत बोटं हलवून बघा. करंगळी कुठे आहे? बहुधा शेजारच्या बोटाखाली दबलेली. पाऊल बोटांपाशी सगळ्यांत रुंद असतं आणि बूट नेमका तिथेच निमुळता होत जातो. त्यात नायलॉनचे मोजे. मग बायकांच्या बेली आठवा: सपाट, मऊ, नाडी नाही, पाय सरकवला की झालं. पुरुषाने दुकानात नऊ नंबरची बेली मागितली तर दुकानदार आदराने विचारेल, ‘मॅडमना एवढी लागते?’

उंच टाचेची कथा तर भलतीच. ती आधी पुरुषांची. इराणी घोडेस्वार रिकिबीत पाय पक्का बसावा म्हणून टाचेचे बूट घालत. तिथून ती टाच सतराव्या शतकात युरोपच्या दरबारांत गेली. रिगो या चित्रकाराने 1701 साली काढलेल्या चित्रात फ्रान्सचा चौदावा लुई लाल टाचांचे बूट आणि पांढरे तंग मोजे घालून, पोटऱ्या मिरवत उभा आहे. पुढे टाचा बायकांनीही घेतल्या आणि अठराव्या शतकात पुरुषांनी त्या हळूहळू टाकून दिल्या. पाय दुखले म्हणून टाकल्या असं मला वाटत नाही.

विजारीचंही मूळ घोड्यावरच सापडतं. चीनमधल्या तुर्फानजवळ यांघाई इथल्या थडग्यांत सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची लोकरी विजार मिळाली, ती घोडा दौडवणाऱ्या माणसांचीच मानतात. अंगरखावजा कपडा घालणाऱ्या रोमनांना विजार रानटी वाटायची. चौथ्या शतकाच्या अखेरीस खुद्द रोम शहरात तिच्यावर बंदी घातली गेली होती. आज घोडा गेला, विजार राहिली, आणि तिला आपण पुरुषाचा धर्म समजतो.

आपल्याकडे तर हा हिशेब कधी सरळ नव्हताच. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर गुडघ्यापर्यंत आवळून लुगडं नेसलेली कोळीण आठवा, किंवा भाताच्या चिखलात वाकलेली, कासोटा मारलेली बाई. दोन पाय वेगळे करणारं वस्त्र तिच्या अंगावर आहे. आणि त्याच वेळी घरी ओट्यावर लुंगी गुंडाळून बसलेला तिचा नवरा घ्या. त्याच्या दोन्ही पायांभोवती एकच कापड आहे. पैसे त्याच्या कनवटीला, तिचेही कनवटीलाच. यात कुणाला कधी गोंधळ वाटला नाही.

इथे जरा रेंगाळू. आता मनातल्या मनात एक कपडा शिवून अंगावर घाला. घोट्यापर्यंत येणारा सुती स्कर्ट, गडद निळा, कमरेला नाडी, खाली बेताचा घोळ. पायांत सपाट चपला. घरात कुणी नाही असं समजा.

आधी वारा कळतो. तो खालून येतो आणि कुठेच अडत नाही. मग चालून बघा: पावलागणिक कापड पोटरीवर येऊन टेकतं आणि मागे जातं. जमिनीवर मांडी घाला. पँटमध्ये मांडी घालताना गुडघ्यापाशी कापड ओढतं, आसन आवळतं, आणि पंगतीत बसताना आपण ‘खुर्ची आहे का?’ विचारतो. इथे गुडघे बाजूला पडतात आणि कापड त्यांच्यावर पसरतं. लुंगी वापरणारे म्हणतील, यात नवं काय? काहीच नाही. लुंगीला नाडी लावली, चुण्या घातल्या की जे होतं ते हेच.

आता दाराशी या. कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणायचं आहे.

कडीवर हात ठेवा आणि तसेच थांबा. छातीत काय झालं? कान गरम झाले का? जिन्यात भेटू शकतील अशी माणसं एकेक करून समोर येतील: वॉचमन, दुसऱ्या मजल्यावरचे काका, शाळेची बस पकडायला निघालेला पोरगा. प्रत्येकाला काय सांगायचं त्याची जुळवाजुळवही मनात सुरू झाली असेल. भाजलं आहे, ऑपरेशन झालं आहे, नाटकाची तालीम आहे. ‘बरं वाटतं म्हणून’ हे उत्तर यादीत कितव्या क्रमांकावर आलं ते बघून ठेवा.

ही लाज हातात घेऊन नीट न्याहाळली पाहिजे. काल याच दुकानात बर्मुडा घालून गेला होतात. गुडघे उघडे, पोटऱ्या उघड्या, काही वाटलं नाही. आज घोट्यापर्यंत झाकलेले आहात. म्हणजे उघडं पडण्याची ही लाज नाही. कुणासारखं तरी दिसण्याची आहे. कुणासारखं? आईसारखं, बहिणीसारखं, बायकोसारखं. त्यांच्यासारखं दिसल्याने आपलं नेमकं काय कमी होणार आहे, हा प्रश्न स्वतःला विचारा आणि उत्तर आलं नाही तरी पुढे ढकलू नका.

उत्तर शोधायला फार लांब जायला नको. अधिकारी काम करत नाही म्हणून मोर्चा जातो. घोषणा होतात, निवेदन दिलं जातं, आणि मग वर्तमानपत्राच्या कागदातून हिरव्या काचेच्या बांगड्या निघतात व साहेबांच्या टेबलावर, शिक्क्याच्या पॅडशेजारी ठेवल्या जातात. कधी साडीचोळीचा आहेर होतो. फोटो छापून येतात. मोर्चात बायका असतात, बऱ्याचदा त्याच पुढे होऊन बांगड्या ठेवतात, आणि ठेवणाऱ्या हातांतही तशाच बांगड्या असतात. मला हे दृश्य कधी गमतीचं वाटलं नाही. जिच्या मनगटावर रोज जे आहे तेच दुसऱ्याच्या अपमानासाठी वापरलं जातं, आणि तिलाही ते रास्त वाटतं.

त्यामुळे कपड्यांच्या बाबतीत रस्त्यावर ‘एकदिशा मार्ग’ अशी पाटी लागलेली आहे. बायकांनी पँट घालायची तर आधी विरोध झाला. पॅरिसमध्ये 1800 साली पोलिसांच्या परवानगीशिवाय बाईने पुरुषी पोशाख करू नये असा हुकूम निघाला. तो निर्जीव झाल्याचं फ्रेंच सरकारने औपचारिकपणे सांगितलं ते 2013 मध्ये. मधल्या काळात बायका पँट घालून कुठच्या कुठे पोचल्या. त्यांचं पँट घालणं हे वर चढणं मानलं गेलं, म्हणून अखेरीस मान्य झालं. पुरुषाने स्कर्ट घालणं उतरणं मानतात. समानता म्हणजे एका बाजूने दार उघडणं असेल तर ती अर्धीच झाली.

यावर कुणी म्हणेल, स्कॉटलंडचा किल्ट आहे की. आहे. त्यावर 1746 च्या कायद्याने बंदीही आली होती, बंडखोर हायलँडरांचा कणा मोडायला. ती 1782 मध्ये उठली. तामिळनाडूत 2014 साली चेन्नईतल्या एका क्लबाने उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसून आले म्हणून आत सोडलं नाही, तेव्हा राज्याच्या विधानसभेने त्याच वर्षी असली अडवणूक रोखणारा कायदा केला. दोन्ही गोष्टी मला आवडतात. पण दोन्हीकडे कपडा वाचला तो परंपरेच्या नावावर, वंशाच्या आणि भाषेच्या अभिमानावर. गोधडीइतकी जुनी वहिवाट पाठीशी असली की पाय मोकळे ठेवायला हरकत नाही. ज्याच्याकडे ‘मला यात बरं वाटतं’ एवढंच कारण आहे, त्याच्यासाठी विधानसभा बसत नाही.

आणखी एक प्रसंग मनात घोळवा. स्टॉकहोमजवळच्या रोस्लाग्सबानन या रेल्वेवर 2013 च्या उन्हाळ्यात काही पुरुष चालक स्कर्ट घालून कामावर आले. केबिन तापलेली, हाफपँटला मनाई, स्कर्ट मात्र गणवेशात बसत होता. कंपनीने आक्षेप घेतला नाही, आणि थोड्याच दिवसांत हाफपँटला परवानगी दिली. जून 2017 मध्ये इंग्लंडच्या एक्सेटरमधल्या शाळकरी मुलांनी तेच केलं, फ्रान्समधल्या नांतच्या बसचालकांनीही. जगभर बातम्या झाल्या, लोक खूश झाले. मीही झालो. पण जरा वेळाने वाटलं, स्कर्ट तिथे काय करत होता? नियम हास्यास्पद करून दाखवत होता. आणि तो हास्यास्पद ठरला, कारण स्कर्टमधला पुरुष बघणाऱ्याला हास्यास्पद वाटतो. हाफपँट मिळाली की काम झालं.

स्पेनमधली गोष्ट वेगळी. बिल्बाओच्या एका विद्यार्थ्याने 2020 साली सांगितलं, की स्कर्ट घालून शाळेत गेल्यामुळे आपल्याला वर्गाबाहेर काढून मानसतज्ज्ञाकडे पाठवण्यात आलं. त्यानंतर स्पेनमधले काही पुरुष शिक्षक स्वतः स्कर्ट घालून वर्गात शिकवायला उभे राहिले. त्यांना उकडत नव्हतं. हाफपँट मागायची नव्हती. फळ्यावर गणित मांडताना अंगावर स्कर्ट असावा, एवढंच.

रंगभूमीवर साडीतला पुरुष मराठी माणसाने डोळे भरून पाहिलेला आहे. बालगंधर्वांची नेसण, त्यांचे दागिने, केसांत माळलेली फुलं यांची नक्कल घरंदाज बायका करत, असं जुनी माणसं कौतुकाने सांगत आली. म्हणजे बाईने कसं दिसावं हे एका पुरुषाने दाखवलं आणि सगळ्यांनी मान डोलावली. पण पडदा पडायचा. तोच माणूस शालू नेसून सकाळी भाजी आणायला निघाला असता तर टाळ्या किती पडल्या असत्या, हा विचार त्या कौतुकाशेजारी ठेवून बघा.

दाराशी अजून उभे आहात ना? बाहेर पडलात असं समजा. जिना उतरताना कापड पायात येतं, म्हणून एका हाताने ते किंचित उचलावं लागतं. वाऱ्याची झुळूक आली की हात आपोआप मांडीकडे जातो. दुकानाच्या पायरीवर बसायची सवय आहे. बसताना गुडघे जुळवले पाहिजेत हे लक्षात येतं. ‘नीट बस’ हे दोन शब्द बहिणीला दिवसातून किती वेळा ऐकावे लागायचे ते आठवतं. आता सोय आणि अडचण दोन्ही एकाच कपड्यात आली. सोय शरीराची, अडचण लोकांच्या नजरेची. बाईच्या वाट्याला ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा कितीतरी जास्त येते. तुम्ही घरी गेलात की पँट चढवू शकता.

हे सगळं मनातच ठेवायचं असेल तर ठेवा, सक्ती नाही. कुणाला खरंच शिवून घ्यावासा वाटला तर अडीच मीटर सुती कापड पुरेल, घोळ जास्त हवा तर तीन. धुतल्यावर आटतं, म्हणून आधी भिजवून घ्या. शिंपी विचारेल, ‘माप कुणाचं घेऊ?’ त्याला तुमचंच घ्यायला सांगा. दोन्ही बाजूंना खिसे सांगा, मोबाइल उभा मावेल एवढे खोल. तो म्हणेल स्कर्टला खिसे नसतात. घरातल्या जिच्या कुणाच्या स्कर्टला आजवर ते नव्हते, तिचाही एक त्याच वेळी टाका, आणि तिच्या खिशांची खोली तुमच्याएवढीच ठेवायला सांगा.